बारा चिंबोऱ्यांचा मुक्काम

चौथीत असताना मी वाल्मिक मास्तरांची नोकरी एका संध्याकाळी जवळजवळ घालवली होती. मुद्दाम नव्हे, अतिशहाणपणानं.

सेहेचाळीस सालचा भादवा सरत आला होता. मास्तरांच्या डोक्यात सृष्टिज्ञानाचं खूळ शिरलं होतं. "फळ्यावरचा बेडूक उडी मारत नाही," असं म्हणून त्यांनी आम्हा चोवीस पोरापोरींना भिवपुरीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याकाठच्या एका रिकाम्या गोठ्यात मुक्कामाला नेलं. शाळा तपासणाऱ्या डिपोटीसाहेबांना हे थेर मुळीच पसंत नव्हते. "सकाळी मी स्वतः येईन. पोरं काही शिकलेली दिसली तर ठीक, नाहीतर तुमची बदली," असं त्यांनी बजावलं होतं. मास्तरांची आई अंथरुणाला खिळलेली, तिला टाकून ते कुठं जाणार? हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. ओढा दिसल्याबरोबर आम्ही ते साफ विसरलो, हेही खरं.

दोघादोघांनी मिळून एक चिंबोरी, म्हणजे खेकडा, धरायची, ती कुठल्या बिळात होती, काय खात होती ते वहीत लिहायचं, आणि सकाळी साहेबांना दाखवून जिथल्या तिथं सोडायची, असा मास्तरांचा हुकूम. मग काय विचारता! हसन चिंबोरीसारखा तिरपा पळून दाखवायला लागला आणि धपकन पाण्यात बसला. कमळ्याच्या अंगठ्याला नांगी लागली, तर तो रडायचं सोडून "सोडत नाय रं, सोडत नाय!" करत हात वर धरून नाचत सुटला. मी आणि रहिमानं चांगली तळहाताएवढी धरली. उलटी करून बघतो तर पोटाखालच्या झाकणाआड मोहरीएवढी पिल्लं, गच्च भरलेली! आम्ही दोघी अशा किंचाळलो की मास्तर अनवाणी धावत आले.

अंधार पडायच्या आत बाराही चिंबोऱ्या एका हंड्यात गेल्या. इथं माझं शहाणपण आडवं आलं. कोल्ह्यानं हंडा पाडला तर? म्हणून मी तो झाकण घालून गोठ्यामागच्या चुलीशी नेऊन ठेवला, आणि गड जिंकल्याच्या थाटात पेंढ्यात उड्या मारायला पळाले.

चुलीशी चंद्राबाई होत्या. त्या शाळेत पाणी भरायच्या. भात रांधायला मास्तरांनी त्यांना बरोबर आणलं होतं. आता तुम्हीच सांगा, आमच्याकडच्या बाईला चुलीशेजारी चिंबोऱ्यांचा हंडा दिसला तर ती काय समजणार?

पण कालवण असं झालं होतं म्हणून सांगू! नाकातोंडातून पाणी येत होतं तरी कुणी थांबेना. आम्हाला वाटलं, चंद्राबाईंनी गावातून आणल्या. मास्तरांनी दोनदा वाढून घेतलं. आणि रहिमा एकदम म्हणाली, "जिजा, आपला हंडा कुटं हाय गं?"

सगळ्यांचे घास थांबले. कमळ्याच्या तोंडातून चिंबोरीचा पाय तसाच बाहेर लोंबत होता. तो बघून हसन फिसकन हसला, मग रहिमा, मग सगळी पंगतच लोळायला लागली. मास्तरसुद्धा. मीही हसले आणि हसता हसताच भोकाड पसरलं. "मास्तर, माज्यामुळं तुमची बदली व्हनार!"

"आधी जेव," मास्तर म्हणाले. पण त्यांनी पुढं घास घेतला नाही.

सकाळी दात घासून होतात तोच साहेब दत्त म्हणून उभे. "कुठं आहेत तुमचे प्राणी?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. शेवटी मीच पुढं झाले. "खाल्ले, साहेब. बाराच्या बारा."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी पेन काढलं. तेवढ्यात मागून चंद्राबाई म्हणाल्या, "बारा नाय काय, नऊ. तीन मी वड्यात सोडल्या."

"का?"

"पिल्लं व्हती पोटाशी. पिल्लावाली खायाची नस्ती, साहेब. तिलाबी खाल्ली तर फुडल्या वर्साला वड्यात काय ऱ्हाईल? दगडं?"

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"माज्या आयनं. तिला तिच्या आयनं."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "चला, दाखवा मला."

मग विजार गुडघ्यापर्यंत दुमडून साहेब ओढ्यात, मागून आम्ही चोवीस जण ओरडत. रहिमानं आमचं बीळ बरोबर दाखवलं. आत दोन डोळे काड्यांसारखे उभे! मी आनंदानं किंचाळले, साहेब दचकून घसरले आणि हसनसारखेच धपकन पाण्यात बसले. साहेबच आधी हसले. तसेच ओले दगडावर बसून त्यांनी चोवीस वह्या वाचल्या.

जाताना त्यांनी शेरेबुकात लिहिलं: मुक्काम दरवर्षी व्हावा. शिकवणाऱ्याच्या नावापुढं मास्तरांचं नाव होतं, त्याच्याखाली साहेबांनी आणखी एक लिहिलं. मास्तरांनी ते चुलीपर्यंत ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं.

चंद्राबाई भांडी घासत होत्या. उठून आल्या, राखेचे हात पदराला पुसले, तरी कागदाला हात लावला नाही. "जिजे, ह्यात माजं नाव कुटलं गं?"

मी बोट ठेवलं. त्या वाकून बघत राहिल्या.

"येवडं लांब हाय माजं नाव?"