खालची डावी दाढ

इंदूताईंनी हिमानीच्या हातातला दात उपटायचा फोर्सेप्स काढून घेतला, जागेवर ठेवला आणि दुसरा तिच्या हातात दिला.

"तो वरच्या दाढेचा होता. वरच्या दाढेला मुळं तीन, दोन गालाकडे, एक टाळूकडे. म्हणून डाव्या बाजूचा फोर्सेप्स वेगळा आणि उजव्या बाजूचा वेगळा. खालच्या दाढेला मुळं दोन, तिथे दोन्हीकडे हा एकच चालतो. कितव्यांदा सांगतेय?"

"तिसऱ्यांदा," हिमानी म्हणाली, अगदी मोजून सांगितल्यासारखं.

बनारसमधल्या या चौकाजवळच्या दवाखान्यात इंदूताई बावीस वर्षं डॉक्टरांच्या शेजारी उभ्या होत्या. दर वर्षी डेंटल असिस्टंटच्या कोर्सची एखादी मुलगी तीन महिने हाताखाली यायची. ही हिमानी सगळ्यांवर वरताण निघाली. हात हलका होता, अवजारांची नावं दोन दिवसांत पाठ झाली, पण चिठ्ठीवर दाताचा नंबर ढळढळीत लिहिलेला असतानाही ती प्रत्येक पेशंटला म्हणायची, "उंगली रखकर दिखाइए." मग पेशंट कवळी काढणार, आरसा मागणार, आपल्या दुखण्याची सगळी हकिगत पुन्हा सांगणार. तोवर बाहेर बाकावर सहा जण ताटकळलेले. का विचारतेस म्हटलं तर उत्तर एकच, "सवय आहे ताई." या सवयीनं इंदूताईंचं डोकं उठलं होतं.

आज तिचा शेवटचा दिवस होता. तिला कामावर ठेवायचं की नाही, ते डॉक्टरांनी इंदूताईंवर सोपवलं होतं. मुलीला ही नोकरी मनापासून हवी होती. रोज पावणेनऊलाच ती दारात उभी असायची. पण नको म्हणायचं, हे इंदूताईंनी कालच ठरवलं होतं आणि सकाळी डॉक्टरांच्या कानावर घातलंही होतं.

अकराच्या सुमाराला दूधविनायकाच्या मराठी गल्लीतले रत्नाकरकाका आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, इंदूताईंच्या लहानपणापासूनच्या ओळखीचे. इंदूताईंना पाहिल्यावर काकांचा चेहरा जरा सैल झाला.

"तू आहेस ते बरं. हिंदीत दुखणं सांगायचं म्हणजे अर्धं राहूनच जातं." त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता. "खालची दाढ. डावी. तीन दिवस परेशान आहे."

इंदूताईंनी चिठ्ठीवर नंबर लिहिला, एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तोंडात आरसा घालून पाहिलं. काकांच्या खालच्या मोठ्या दाढा दोन्हीकडे सारख्याच किडल्या होत्या. चिठ्ठीवर नजर टाकून ते म्हणाले, "यह नहीं बचेगी, निकालनी पड़ेगी," आणि इंजेक्शन भरायला वळले.

हिमानी खुर्चीवर वाकली. "काका, कुठली दुखते? बोट ठेवून दाखवा."

"हिमानी," इंदूताई दात-ओठ खात म्हणाल्या.

काकांनी तोंड उघडून बोट ठेवलं.

हिमानीनं ते बोट पाहिलं, चिठ्ठी पाहिली आणि ती इंदूताईंपुढे धरली. त्यांच्याच अक्षरात ४६ लिहिलं होतं. चारचा आकडा म्हणजे खालची उजवी बाजू, तीनचा म्हणजे खालची डावी. बोट डाव्या दाढेवर होतं.

"काका, तुम्ही उजवी म्हणालात ना?" इंदूताईंनी विचारलं.

"डावी म्हणालो. चांगलं मराठीत सांगितलं तुला."

हिमानी हळूच म्हणाली, "माझं पण असंच होतं, ताई. घरी डावा मतलब लेफ्ट आणि शाळेत दायाँ मतलब राइट. कानाला दोन्ही सारखंच लागतं. म्हणून मी बघूनच घेते."

इंदूताई झटकन मध्ये आल्या. डॉक्टर सिरिंज घेऊन वळत होते. "सर, नंबर मैंने गलत लिखा है. छत्तीस है."

"चलिए, टाइम पर देख लिया," डॉक्टर म्हणाले. दुसरा एक्स-रे निघाला. दाढ पंधरा मिनिटांत आली आणि काका कापूस दाबून, मान डोलावत घरी गेले.

हात धुताना डॉक्टरांनी विचारलं, "हाँ, तो इस लड़की का क्या करना है?"

"रख लीजिए."

"सुबह तो आप..."

"रख लीजिए, सर."

चिडचिड गेली नव्हती. फक्त आता ती कोणावर काढायची, ते कळत नव्हतं. जेवणाचा डबा तसाच उघडा ठेवून इंदूताई बसून राहिल्या. इथे येणारे बहुतेक हिंदीतच बोलत. मराठीत बोलत ते फक्त गल्लीतले, ओळखीचे, इंदू आहे म्हणून मुद्दाम इथे येणारे. एकेक चेहरा आठवत त्या चार वर्षं मागे गेल्या, आणि त्यांनी घरी फोन लावला.

"आई, तुझी दाढ इथे काढली होती. दुखत कुठली होती?"

"आज काय मध्येच?"

"सांग ना."

"डावी. तुला सांगितलं होतं."

"आणि काढली ती?"

"दोन्ही काढल्या की नंतर." महिन्याभरानं आई दुसरी दाढ दुखते म्हणाली, तेव्हा आपण तिच्यावर किती वैतागलो होतो, ते इंदूताईंना स्वच्छ आठवलं.

"आधी कुठली काढली, आई?"

"उजवी," आई सहज म्हणाली. "सुई टोचली तेव्हाच कळलं मला. पण म्हटलं, तुम्हा लोकांना त्यातलं समजतं. आणि तू शेजारी उभी होतीस ना, म्हणून मी काही बोलले नाही."