राखुंडीनं घासलेला सुळा

अहो, इकडे बघा, वरच्या ओठाच्या आत, डावीकडे! मी माधवीचा सुळा बोलतोय. देवासला राहतो, म्हणजे ती राहते म्हणून मीही. दुधाचा दात पडून मी उगवलो तेव्हा घरभर कौतुक झालं. तेव्हापासून शेव, भुट्टे, ऊस, काय काय फोडलंय मी! माझं वरचं कवच हाडाहून टणक आहे.

पण धारच्या शुभंकरशी लग्न ठरलं आणि बाईसाहेब हात धुऊन माझ्या मागे लागल्या. मी म्हणे पिवळट! फोटोत दात चमकायलाच हवेत! दात पांढरे करणारी खरखरीत पेस्ट आली, कडक ब्रश आला. तेवढ्यानं भागेना, म्हणून तिनं वडिलांची घरची राखुंडी पेस्टवर भुरभुरली. जुनं आणि नवं, दोन्ही एकदम! ती उजव्या हाताची, त्यामुळे सगळा जोर डावीकडे, माझ्यावर. हिरडीजवळ माझं कवच मुळातच पातळ. तिथं खाच पडली. मी कळांवर कळा दिल्या, तर हिनं आणखी घासलं!

साखरपुड्यात शुभंकरनं थंडगार श्रीखंडाचा घास पुढे केला. चमचा मला टेकला मात्र, अशी सणक गेली की माधवीनं तोंड गच्च मिटून मान फिरवली. शुभंकरची आत्या उमाबाई म्हणाल्या, "मुलीच्या मनात नाही की काय?"

अरे देवा, माझ्यापायी लग्न मोडतंय की!

माधवीचे डोळे भरले. "मनात आहे हो, आत्याबाई! दातच साथ देत नाहीये. छान दिसायला म्हणून रगडून रगडून वाट लावली मी त्याची."

शुभंकर खो खो हसला. "अगं, बोलायचं ना! टेन्शन मत ले." त्यानं गरम पुरीचा तुकडा उजव्या बाजूनं भरवला. काय टाळ्या पडल्या!

सोमवारी दोघं दातांच्या डॉक्टर अंकिताकडे गेली. तिनं माझी खाच भरली, मऊ ब्रश आणि कमी खरखरीची पेस्ट सांगितली. "झिजलेलं कवच परत येत नाही, माधवी. आतला थर पिवळाच असतो. जितकं रगडशील, तितका तो जास्त दिसेल."

ऐकलंत ना? मग आपापल्या दातांवर जरा हलका हात ठेवा, एवढंच मागणं आहे माझं.

माधवी मात्र खट्टू झाली. शुभंकर म्हणाला, "पिवळट तर पिवळट. हसताना तोंडावर हात नको ठेवूस, बस."

आत्ता ती गालात कापूस धरून हसतेय. दोन्ही हात मांडीवर आहेत, आणि तो माझ्याकडे बघतोय!