जाड काडी

रोहिणीच्या पत्राला रंगनाथांनी उत्तर दिलं नव्हतं. चौदा महिने झाले. त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून मेहुणीनं चारठाण्याहून मुद्दाम पत्र लिहिलं होतं : ‘दाजी, अक्कानं इथून नेलेल्या जास्वंदीची एक काडी पाठवा. आमच्या दारची मेली. अक्काच्या हातचं काहीतरी दारात असावं वाटतं.’ चारदा त्यांनी उत्तर लिहायला घेतलं, चारदा फाडलं. नाही म्हणणं जमेना आणि कापायचा धीर होईना.

आज कुंडीतल्या जास्वंदीच्या खोडाला बोट लावलं, तर साल ओल्या कागदासारखी सुटून आली. खाली सगळं काळं. वास येत होता.

पत्नी, सुलाबाई, गेल्यापासून दोन वर्षं ही कुंडी गंगाखेडच्या या खोलीत खिडकीशी होती. बाहेर ठेवायची सोय नव्हती. शेजारच्या अंबाबाईच्या शेळ्या अंगणात हिरवं पान राहू देत नसत. पुस्तकात वाचून रंगनाथ दर आठवड्याला कुंडी थोडी उजेडाकडे फिरवत, पानं फडक्यानं पुसत. पण पाणी पुरतंय की नाही, ही शंका काही जात नसे. मग सकाळी एक तांब्या घातलेला असला तरी दुपारी पुन्हा अर्धा.

दोन फांद्यांपैकी एकीनं कालच मान टाकली होती. दुसरीच्या शेंड्याला कळी होती. दोन वर्षांतली पहिली. लाल टोक बाहेर आलेलं.

त्यांनी दारातून अंबाबाईला हाक मारली. एकदा हळू, मग जरा मोठ्यानं.

“काय झालं, सर?”

शाळेच्या ग्रंथालयात त्यांनी जन्मभर नुसती पुस्तकं दिली-घेतली, तरी गल्ली त्यांना सर म्हणे आणि दर वेळी त्यांना संकोच वाटे. अंबाबाई कुंडीपाशी उकिडवी बसली. माती चिमटीत दाबली. पाणी निघालं.

“लय पाजलाव की, सर.”

“उन्हाळा होता.”

“उन्हाळा बाहेर व्हता. ही घरात बसलेली, तुमच्यावानी. हिला कशाची तहान?”

रंगनाथ हसले नाहीत. “वाचेल का?”

“बुडखा गेला. ह्या फांदीचा वरचा वीतभर हिरवा हाय. दोन काड्या हुतील. पर आजच कापा.”

“एकदा पुस्तकात पाहतो.”

“बघा की. तवर काळं वर चढंल.”

त्यांनी दाढीचं नवं पातं आणलं. ते तिच्यापुढे धरलं. “तुम्हीच कापा, अंबाबाई. एक मेहुणीला पाठवायची आहे.”

“म्या न्हाई. मेली तर जलमभर माझं नाव घ्याल.”

पहिला काप बसला. आतलं लाकूड पांढरं, स्वच्छ होतं. त्यांनी दुसरा काप घेतला.

“आता कळी खुडा.”

“राहू द्या ना. उद्या उमलेल ती.”

“काडी कळीलाच पोसत बसंल. मुळ्या कवा सोडंल?”

त्यांनी पातं खाली ठेवलं. मग दोन बोटांत देठ धरला. तुटल्याचा आवाज झाला असेल तर त्यांच्या कानांना तो आला नाही.

“खालची जाड काडी जगंल,” अंबाबाई उठत म्हणाली. “शेंड्याचा काई भरोसा न्हाई. जाड ती तुमाला ठिवा.” खुडलेली पानं तिनं पदरात घेतली, शेळ्यांसाठी.

सकाळी कोरड्या बशीत कळी पूर्ण उमललेली होती. रंगनाथांनी बशी खिडकीत सरकवली. रात्रभर ओल्या फडक्यात ठेवलेल्या दोन्ही काड्या काढल्या. शेंड्याची वाळूच्या डब्यात खोचली. जाड काडी पुन्हा फडक्यात, वरून प्लास्टिकात गुंडाळून खोक्यात ठेवली आणि पत्र लिहायला बसले.

‘रोहिणी, फार उशीर केला. झाड माझ्या हातून गेलं. पाणी जास्त झालं. ही काडी चांगली आहे. सावलीत लाव. पाणी बेतानं घाल.’

वाचून पाहिलं. दुसऱ्या वाक्याशी हात थांबला. पण या वेळी फाडलं नाही.

पोस्टात खिडकीमागच्या मुलीनं खोकं हलवून पाहिलं. “आत काय हाय, आजोबा?”

“काडी.”

“वाळकी?”

“नाही.” मग खात्री नसल्यासारखं ते म्हणाले, “कापली तेव्हा हिरवी होती.”

तिनं स्पीड पोस्टची चिठ्ठी चिकटवली आणि खोकं आपल्याकडे ओढलं. रंगनाथांना त्यावरचा हात काढायचं लगेच सुचलं नाही.