उशिरा उठलेला हात

"शाल नको रे मला, बाळा. काम दे," दादू म्हणाले.

मंडळाचा सेक्रेटरी बाळा चहाचा कप हातात धरून दादूंच्या बायकोकडे, मालनकडे बघत राहिला. रविवारी चारकोपच्या मैदानावर कबड्डीचे सामने होते. दादू सावंतांनी गिरणीतली नोकरी सांभाळून उभी हयात पंचगिरी केलेली, म्हणून मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला होता.

"काका, स्टेजवर आरामात बसा ना. डोक्याचं ऑपरेशन झालंय तुमचं."

"ऑपरेशन झालंय. मेलो नाय अजून."

बाळा गेल्यावर मालन करवादली, "हो म्हटलं असतं तर काय जीव जाणार होता?"

दादूंचं उत्तर येईल, पण कधी, हे सांगता येत नव्हतं. सकाळी बाजारात निघताना ती विचारायची, भाजी कसली आणू? आणि पिशवी घेऊन परत आल्यावर हे दारातच सांगायचे, "वांगी."

संपात गिरणी गेली आणि त्यानंतर दादूंचे पाय जमिनीला चिकटायला लागले. मैदानभर धावणारा माणूस उंबरठ्यापाशी अडून राहायचा. लुंगी ओली झालेली कळायची नाही. संपाचा धक्का, म्हातारपण, करणी, ज्याने त्याने आपापलं निदान केलं. शेवटी मोठ्या इस्पितळात डोक्याचा फोटो काढला तेव्हा कळलं, डोक्यात पाणी साचलंय. डॉक्टरांनी कातडीखालून डोक्यापासून पोटापर्यंत नळी घातली. पाय सुटले, लुंगी कोरडी राहिली. मालनने देवीची ओटी भरली. पण डोकं मागेच रेंगाळलं. आणि पूर्वी कधी चढ्या आवाजात न बोललेला माणूस आता मध्ये कोणी बोललं की भांडं आपटायचा.

म्हणूनच तिला ती शाल हवी होती. शाल घेताना काही बोलावं लागत नाही.

दादू मात्र रोज बाळाच्या दारात जाऊन उभे राहायला लागले. शेवटी कंटाळून बाळाने त्यांना मागच्या रेषेवर पंच म्हणून नेमलं. "कोण रेषेबाहेर गेला तर हात वर करायचा, काका. बस." मग मालनला हळूच म्हणाला, "तिथे काय वाट लागणार आहे, काकी?"

रविवारी घरच्या संघाने पाहुण्यांचा चढाईवाला खेचून पाडला. शिट्टी झाली, गुण मिळाला, पोरं नाचली. पुढची चढाई सुरूही झाली. आणि मग, सगळं आटपल्यावर, मागच्या कोपऱ्यात दादूंचा हात सावकाश वर गेला.

"झोपला होता काय, काका?" कोणीतरी ओरडलं. मैदानभर हशा पिकला.

मालन त्यांना घरी न्यायला उठली. तिच्याआधी बाळा पोचला. "हात खाली घ्या, काका. उशीर झाला."

दादूंचे ओठ हलले. शब्द शोधायला त्यांना वेळ लागला, बाळा मध्येच काहीतरी बोलायला गेला, तसे ते कडाडले, "थांब! उशीर झाला म्हणून पाय आत आला काय? बाहेर गेला तो गेला!"

ज्याच्याकडे त्यांनी बोट केलं तो घरच्या संघाचा पकडवाला खाली बघायला लागला.

मालनने ते पाहिलं. ती नवऱ्याला न्यायला आली होती. पण बाळाने दादूंचा दंड धरला तशी ती म्हणाली, "हात सोड, बाळा. ह्यांनी बघितलंय म्हणजे बघितलंय."

"पण काकी..."

"सोड म्हणते ना!"

मध्यंतरापर्यंत तो हात वरच होता. मग सामन्याचा सरपंच, म्हणजे मुख्य पंच, मालाडच्या गावठाणातला अँथनी त्यांच्याकडे आला. "अंकल, पॉइंट आता फिरणार नाय. पुढची चढाई सुरू झाली होती."

"नियम नको शिकवूस."

"मग हात कशाला?"

दादू शब्द जुळवत राहिले. अँथनी थांबला.

"पाय बाहेर होता," ते म्हणाले. "आणि मी असाच उशिरा उचलणार. तुला हवं तर माझ्याकडे बघ."

शेवटी घरचा संघ त्याच एका गुणाने जिंकला. सत्काराची शाल घडी घालून परत मंडळाच्या कपाटात गेली.

पण त्याआधी, दुसऱ्या डावात, मालन बाकावर बसली नाही. रेषेपासून थोडं दूर, पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली. दर पकडीनंतर अँथनी खेळ अडवून धरायचा, मागच्या कोपऱ्याकडे एकदा बघायचा, आणि मगच पुढच्या चढाईला इशारा करायचा. पोरं कुरकुरली, "काय सर, टाइमपास?" तो ऐकत नव्हता.

मालनला वाटलं, ह्यांना सांगावं, तो तुमच्या हातासाठी थांबतोय. पण दादू कमरेत वाकून, घाम न पुसता, चुन्याच्या रेषेवर डोळे रोवून उभे होते. तिने हाक मारली नाही.