झेत आणि झेन

मी बंदूक बोलतेय. दचकू नका, माझ्यात काडतूस नाही. कुवेतमधल्या सलवा भागातल्या एका घरात, कुलूपबंद लोखंडी कपाटात मी उभी आहे, आणि मला एका माणसाला निरोप पाठवायचा आहे. जन्मभर मला एकच आवाज काढता आला. जेव्हा दोन शब्द बोलायची खरी गरज होती, तेव्हा मी गप्प होते. म्हणून आता तुमच्याशी बोलते.

मी छऱ्याची बंदूक. साठेक वर्षांपूर्वी बेल्जियमच्या एका कारखान्यात घडले. माझ्या पाठीला कुबड आहे, त्यावरून जाणकार मला लांबून ओळखतात. बार उडाला की माझी नळी आपोआप मागे सरकते, रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि दुसरं वर येतं. या सगळ्याचा धक्का जिरवण्यासाठी डाव्या हाताने धरायच्या लाकडाच्या आत एक दांडा आहे. त्यावर एक पितळी कडं घट्ट घासत मागे जातं. ते घासावं म्हणून दांडा कोरडा लागतो. तेल लागलं तर कडं नुसतं निसटतं आणि सगळा धक्का लाकडाला आणि खांद्याला बसतो. एवढं लक्षात ठेवा.

माझा पहिला मालक कुवेतमधल्याच जहरा गावचा शिकारी होता. समुद्र ओलांडून थकलेले पक्षी वाळवंटात उतरायचे आणि तो मला खांद्याला लावायचा. त्या दिवसांचा मला अभिमान नाही. तो वारल्यावर मुलांनी मला गालिच्यात गुंडाळून कोठीत ठेवलं, तांदळाच्या पोत्यांमागे. वीस वर्षं! वडिलांची आठवण म्हणून जपतोय, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले. जपणं म्हणजे पाठ फिरवणं, असं माणसांना का वाटतं, मला कळलेलं नाही.

मग अहमद आला. सलवाचा तरुण शाळामास्तर. त्याला पक्षी मारायचे नव्हते, मैदानावर हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या नेम धरून फोडायच्या होत्या. जुनी बंदूक पारखायला त्याने यूनुसभाईंना बरोबर आणलं होतं. यूनुसभाई मूळचे श्रीवर्धनचे. एकोणतीस वर्षं इथल्या शिकारी सामानाच्या दुकानात, मागच्या बाकावर बसून बंदुका दुरुस्त करत आलेले.

त्यांनी गालिचा उलगडला, माझ्या लाकडावर बोटाने टकटक केलं, कान लावला आणि हळूच म्हणाले, "बाय गो, कुणी टाकली तुला अशी?"

"काय म्हणालास तिला?" अहमदने विचारलं.

"काही नाही. घेऊन टाका म्हटलं."

मराठी मी त्यांच्याकडूनच शिकले. बाकावर मला उघडून ते तासन् तास बोलायचे. कधी लाडाने, कधी चक्क शिव्या घालून. दुरुस्ती झाली की लाकडाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहायचे, तेही मराठीत, कारण ते दुसऱ्या कोणी वाचण्यासाठी नव्हतंच. माझ्या आत पहिली ओळ पडली : "अहमदची. दांडा कोरडा."

पण या माणसाने आयुष्यात एकही बार उडवला नव्हता. परक्या मुलखातल्या माणसाच्या नावावर परवाना निघणार नव्हता. काडतुसाच्या जागी खोटं पितळी काडतूस भरायचं, चाप ओढायचा, 'टक्' असा आवाज ऐकायचा आणि बंदूक मालकाला द्यायची. मला संताप यायचा. ज्याच्या हातांमुळे शेकडो बंदुका चालतात, त्यालाच त्या चालवायची मुभा नाही, आणि तो स्वतः काय म्हणतो? "असतं तसं." नसतं हो असं! असू देता, म्हणून असतं.

एकदा अहमदने सहज विचारलं, "हिचा धक्का कसा बसतो रे तुला?"

"ऐकून माहीत आहे," यूनुसभाई हसून म्हणाले.

अहमद ओशाळला. त्याने क्लबच्या प्रशिक्षकाला गाठून परवानगी मिळवली. शुक्रवारी सकाळी यूनुसभाई नेमबाजीच्या मैदानावर बार उडवणार. रविवारी ते कायमचे गावी निघणार होते, म्हणजे हा एकच शुक्रवार हातात होता.

गुरुवारी दुपारी अहमदने पाहुण्यासाठी मला स्वतः पुसायला घेतलं. दांड्यापाशी तो अडला आणि त्याने दुकानात फोन लावला. तिकडे घासायचं मशीन घरघरत होतं.

"भाई, दांड्याला झेत?" अहमदने विचारलं. अरबीत झेत म्हणजे तेल.

यूनुसभाईंना त्या घरघरीत 'झेन' ऐकू आलं. झेन म्हणजे छान. दांडा छान आहे ना, असंच विचारतोय, असं त्यांना वाटलं.

"झेन, झेन! एकदम झेन!"

अहमदने प्रेमाने दांड्याला तेल चोपडलं. मी ओरडायला हवं होतं. कोरडा, असं माझ्या पोटात लिहिलेलं होतं, पण ते वाचणारा तिथे कोणी नव्हता.

शुक्रवारी यूनुसभाई इस्त्रीचा सदरा घालून आले. बरोबर त्यांची मुलगी इक्रा होती, महबूलाच्या एका क्लिनिकमध्ये लॅब टेक्निशियन. तिने मोबाइल वर धरला.

"अब्बा, स्माइल! पासपोर्टच्या फोटोसारखे काय उभे राहिलात?"

"ओके बाबा, ओके. घे आता लवकर."

एरवी मला उघडून पाहिल्याशिवाय ते कोणाच्या हातात देत नसत. त्या दिवशी मी मालकाच्या हातून त्यांच्याकडे आले, सगळे बघत होते, आणि त्यांना उघडायचा संकोच वाटला. तबकडी उडाली. त्यांनी चाप ओढला.

नळी मागे धडकली. कडं निसटलं. त्यांच्या डाव्या हातात माझं लाकूड उभं चिरलं आणि खांद्याला असा तडाखा बसला की ते दोन पावलं मागे गेले. प्रशिक्षकाने लाल बावटा दाखवला. सगळे माझ्यावर वाकले.

यूनुसभाईंनी लाकूड काढलं, दांड्यावरून बोट फिरवून नाकाशी नेलं. "झेत?"

"तूच तर झेन म्हणालास!" अहमदचा चेहरा उतरला.

यूनुसभाईंनी तेलकट बोट रुमालाला पुसलं. मग म्हणाले, "माझीच चूक. मशीन बंद करून ऐकायला हवं होतं."

"नवीन लाकूड मागवतो. पुढच्या वेळी..." अहमद म्हणाला आणि थांबला. रविवार त्यालाही आठवला असावा.

"अब्बा, लागली का तबकडी?" इक्राने विचारलं. तिच्या मोबाइलमध्ये फक्त वडिलांचा चेहरा होता.

"हुकली गं. गेला बार."

शनिवारी त्यांनी माझं लाकूड सरसाने चिकटवलं, दोऱ्याने आवळलं. पेन्सिल हातात घेऊन बराच वेळ बसले आणि आत लिहिलं : "यूनुसचा एक बार. हुकला." रविवारी ते गेले.

मी आता नव्या लाकडाची वाट पाहत उभी आहे. ते आलं की हे चिरलेलं लाकूड, आतल्या ओळींसकट, कचऱ्यात जाईल. जाऊ दे. त्यातली शेवटची ओळ खोटी आहे.

यूनुसभाई, त्या क्षणी सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी एकटीच समोर बघत होते. तुम्ही मागे ढकलले गेलात तेव्हा ती तबकडी हवेत फुटली. तिचे केशरी तुकडे खाली पडलेल्या हजार तुकड्यांत मिसळले आणि कोणाला दिसले नाहीत.

तुमच्यापैकी कोणी श्रीवर्धनकडे जाणार असेल, तर बंदुका दुरुस्त करणाऱ्या यूनुसभाईंचं घर विचारा. मशीन वगैरे चालू असेल तर आधी बंद करायला सांगा. मग त्यांना नीट ऐकू जाईल असं सांगा : हुकला नव्हता.