सायमनची बेचाळीस ठिकाणं

अर्नाळ्याच्या ज्युलियसने सख्ख्या भावाच्या पाठीत वल्ह्याचा दांडा घातला तो भर दुपारी, आईच्या देखत. लोक म्हणतात, दारू होती. कसली दारू? घोटभर चहाशिवाय त्याच्या पोटात काही नव्हतं. झालं ते एका वीतभर नेटबुकपायी, म्हणजे छोट्या लॅपटॉपपायी, आणि ज्युलियसच्या तापट डोक्यापायी.

त्यांचा बाप सायमन. समुद्राच्या तळाशी खडक कुठे, जुनं गलबत कुठे बुडालंय, घोळ मासा कधी कुठे येतो, अशी मासळी जमण्याची बेचाळीस ठिकाणं त्याला ठाऊक होती. मरायच्या आधी त्याने धाकट्या मेलरॉयला समोर बसवून सगळे अक्षांश-रेखांशाचे आकडे नेटबुकात घालून घेतले आणि आपली वही चुलीत टाकली. दुसरी प्रत करायची नाही, बोटीच्या जीपीएसमध्ये ठेवायची नाही, खलाशी बघतात. अशी दोघांकडून क्रुसावर हात ठेवून शपथ घेतली. तेव्हापासून बोट ज्युलियसची. निघताना त्या दिवसापुरत्या दोन ठिकाणांचे आकडे तो बॉलपेनने मनगटावर लिहून घ्यायचा, आणि बंदरात शिरायच्या आधी खाऱ्या पाण्याने घासून टाकायचा.

मेलरॉयचं तुळिंजला मोबाइल दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे घरातली सगळी यंत्रं त्याच्या गळ्यात. जुन्या नेटबुकात विंडोज काढून लिनक्स घातलं तेही त्यानेच. ज्युलियसला एवढंच यायचं: पासवर्ड टाकायचा, पडद्यावर बापाचा फोटो आला की खालच्या हिरव्या फाइलवर दोनदा टिचकी मारायची. पण तो पडदा उघडायला इतका वेळ लागायचा की रोज सकाळी त्याच्या शिव्या ऐकून शेजारीही उठायचे. शेवटी मेलरॉयने वैतागून एक हलका डेस्कटॉप, म्हणजे पासवर्डनंतर उघडणारा वेगळा पडदा, घातला, यापुढे तोच उघडेल असं करून ठेवलं, आणि सकाळीच पाचूबंदरला गेला. तिथल्या रोवेनाशी त्याचं लग्न ठरत होतं. तिच्या बापाच्या दोन बोटी. काय केलंय ते घरात सांगून जायला नको? पण नवरदेवाला कुठली शुद्ध.

ज्युलियसने पासवर्ड टाकला. पडदा झटकन उघडला, काळाकुट्ट आणि कोरा. बाप नाही, फाइल नाही.

अहो, फाइल होती तिथेच. डेस्कटॉप बदलला म्हणून फायली कुठे जात नाहीत. हा नवा डेस्कटॉप पडद्यावर काही मांडतच नाही, एवढंच. पण ज्युलियसला हे कोण सांगणार? घोळीचे दिवस, चार खलाशी बंदरात ताटकळलेले, आणि त्याच्या डोक्यात रोवेनाच्या बापाच्या त्या दोन बोटी. धाकट्याने आकडे सासऱ्याच्या घशात घातले आणि इथलं पुसून गेला, हे त्याच्या मनाने घेतलं ते घेतलंच. भरती गेली. खलाशी घरी गेले. तो दांडा घेऊन दाराआड बसला. आई विचारत राहिली.

मेलरॉय उंबऱ्यात वाकून चपला काढत होता, तेव्हा पहिला फटका बसला.

"पप्पाची ठिकानं कोनाला दिलीस?"

"कुठली ठिका..."

दुसरा फटका तोंडावर. पुढचे दोन दात लादीवर पडले. आई, एमिली, मध्ये धावली, तिला ज्युलियसने असं ढकललं की ती कपाटावर आदळून खाली बसली. मग त्याने भावाला लाथांनी तुडवलं, बरगड्यांत, पोटात, जिथे पाय पडेल तिथे. मेलरॉयला टेबलावरचा कोरा पडदा दिसला आणि सगळं कळलं. पण तोंड रक्ताने भरलेलं, शब्द फुटेना. तो सरपटत टेबलाशी गेला, कसाबसा उठला आणि उजवा हात नेटबुककडे नेला.

ज्युलियसला वाटलं, उरलंसुरलंही पुसतोय. त्याने दांडा दोन्ही हातांनी उचलून त्या हातावर घातला. हाड मोडलेलं आईलाही ऐकू आलं. रोज मोबाइलचे केसाएवढे सांधे जोडणारी ती बोटं उलटी वळली होती.

मेलरॉयने डावा हात पुढे केला. लॉग आउट. कोपऱ्यातल्या दातेरी चाकाच्या खुणेवर टिचकी. यादीतून जुना डेस्कटॉप. मग पासवर्ड, एकेक अक्षर शोधत. पडदा नेहमीसारखा रेंगाळला. तिघंही बघत राहिले. मग बाप आला, आणि त्याच्याखाली हिरवी फाइल.

 आपण काय करून बसलो, हे ज्युलियसला एकदम कळलं.

"मेल, मला वाटलं..."

मेलरॉयने फाइल उघडून दाखवली. बेचाळीस ओळी, बापाने सांगितल्या त्याच क्रमाने. मग बंद केली. अंगठ्याने आणि बोटाने दोन कळा एकदम दाबल्या. ही फाइल कायमची पुसायची का, असं नेटबुकने विचारलं. ते ज्युलियस वाचेपर्यंत मेलरॉयने 'हो' दाबलं होतं.

तो भिंतीला टेकला. ओठ फाटले होते, तरी या वेळी शब्द नीट आले.

"आता खरंच गेली, दादा. आता मार."

दांडा ज्युलियसच्या हातातच होता. त्याला तो उचलताही येईना आणि टाकताही येईना.