मागची शिवण

शिवणवालीचा धंद्यातला एक नियम होता. माप मोठ्याने सांगायचं नाही. बाई दोन वर्षांनी आली आणि कमरेला चार इंच चढले असले, तरी टेप गुंडाळता गुंडाळता म्हणायचं, "कापड आटलं असेल हो, धुण्यात आटतं." आकडा मुकाट्याने वहीत उतरवायचा आणि शिवणीच्या आत भरपूर माया राखून ठेवायची, म्हणजे पुढच्या वेळी उसवून सैल करता येतं. बायका खूश होऊन जायच्या आणि पुन्हा यायच्या. दुकानात या गोडबोलेपणाने कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते घरात.

नवरा घड्याळवाला. त्याचं दुकान म्हणजे एका जिन्याखालचं काचेचं खोकं. एक स्टूल, एक दिवा आणि उजव्या डोळ्यात बसवायचं भिंग. सकाळी नऊला बसला की संध्याकाळी सातलाच उठायचा. खाण्याचा भलता शौकीन. पांढऱ्या पावावर बोटभर लोणी, चहात तीन चमचे साखर, आणि जेवण झालं की काहीतरी गोड हवंच. खाता खाता असं काही कौतुक करायचा, की वाढताना हिचा हात सैल सुटायचा. दिवसभर लोकांच्या काखा आणि कमरा मोजणाऱ्या बाईचं कौतुक दुसरं करणार कोण?

सहा वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त तपासलं. साखर अजून हाताबाहेर गेली नव्हती, पण उंबरठ्यावर येऊन बसली होती.

"आत्ता औषध देत नाही," त्या म्हणाल्या. "आधी ताट बदला. अर्धं ताट भाजी, मग डाळ नाहीतर अंडं, आणि पाव उरलेल्या कोपऱ्यात. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, दहा मिनिटं चालायचं. तुम्ही दिवसभर स्टुलावर, मग खाल्लेलं शरीराने जाळायचं कधी? घरी वजनकाटा आहे?"

वजनकाटा नव्हता.

"मग पँटच काटा समजा. हुक लावताना श्वास ओढावा लागला, की त्याच आठवड्यात माझ्याकडे या. पोट वाढू दिलंत तर पुढचं सगळं तिथूनच सुरू होईल."

शिवणवाली शेजारच्याच खुर्चीवर होती. शब्दन् शब्द तिने ऐकला होता.

घड्याळवाल्याला हे फार पटलं. माणूसच मापाचा. दर रविवारी आंघोळ झाली की तो तिने शिवलेली राखाडी पँट चढवायचा, हुक लावायचा आणि म्हणायचा, "बघ, लागला." पहिलं वर्षभर ताटही शहाण्यासारखं होतं. मग लोणी परत आलं. हुक लागतोय ना, मग एका पावाने काय होतंय, असं त्याचं चालायचं.

दोन वर्षांनी एका रविवारी हुक लागला नाही. दोनदा श्वास ओढून पाहिला, तरी नाही. तो पलंगाच्या कडेला तोंड पाडून बसला. त्या दिवशी धड जेवलाही नाही. "बुधवारी जाऊन येतो डॉक्टरीणबाईंकडे," एवढंच म्हणाला. तिचा जीव तुटला. सोमवारी दुपारी तो दुकानात असताना तिने पँटची मागची शिवण उसवली आणि एक इंच सैल करून पुन्हा मारली. त्याला वाईट वाटायला नको, उद्यापासून वाढताना आपणच हात आखडता घेऊ, असं तिने मनाशी ठरवलं होतं. अगदी खरंच ठरवलं होतं.

बुधवारी हुक सहज लागला. "अगं, लागला की. रविवारी पोट फुगलं असणार." डॉक्टरीणबाई राहिल्या बाजूला. तिने चार दिवस भाजी जास्त आणि पाव कमी वाढला. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "मी काय आजारी आहे का?" आणि तिने लोण्याचा डबा पुढे सरकवला.

पुढच्या चार वर्षांत ती शिवण आणखी तीनदा उसवली. त्याला कळायच्या आधी तिला कळायचं. पट्टीला ताण आला की शिंप्याच्या नजरेला ते लांबून दिसतं. तो रविवारी "लागला" म्हणायचा आणि ती चुलीकडे तोंड करून "हो" म्हणायची.

या वर्षी त्याला भिंगात काळे दोरे दिसू लागले. भिंग मळलं असेल म्हणून त्याने पुसलं. मग नवीन आणलं. तीन महिने बिचारा भिंगालाच दोष देत राहिला. शेवटी एका सकाळी उजव्या डोळ्यापुढे पडदाच आला. डोळ्यांच्या दवाखान्यात सांगितलं की साखरेने आतल्या नसा फुटल्यात, हा डोळा गेल्यातच जमा. डावाही अंधुक झालाय, सुया टोचून वाचवायचा प्रयत्न करू, पण साखर उतरली तरच. तिथून त्यांना डॉक्टरीणबाईंकडे धाडलं.

"पोट वाढलं तेव्हाच का नाही आलात?" त्यांनी विचारलं.

"वाढलंच नाही," तो म्हणाला. "पँट तीच आहे. हुक लागतो. हिला विचारा."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या कमरेला टेप लावली. एक्केचाळीस. तो हसला. "बाई, तुमची टेप आखूड आहे. मी छत्तीसचा माणूस."

शिवणवाली पिशवीचे बंद बांधू लागली.

घरी येताच तो म्हणाला, "तुझी टेप आण. माझ्याच्याने आकडे वाचवत नाहीत, तू सांग." तिने टेप लावली. एक्केचाळीस. सांगून टाकावं, आत्ताच सांगून टाकावं, असं तिला आतून वाटलं, आणि तोंडातून निघालं, "सदतीस."

"मग या डोळ्याचं असं का झालं गं?" तो म्हणाला. त्याने विचारलं ते तिला नव्हतंच, आणि म्हणून ती तिथे उभी राहू शकली.

ताट आता तिने बदललं. अर्धी भाजी, डाळ, अंडं, कोरडा पाव एकच. चहा बिनसाखरेचा. जेवणानंतर ती त्याचा हात धरून गल्लीत दोन फेऱ्या मारायची. त्याने एकदाही कुरकूर केली नाही. तो वाढलेलं सगळं निमूट संपवायचा, आणि कौतुक करायचं तेवढं त्याने थांबवलं.

आता कपडेही तो चाचपून चढवायचा. पुढची बाजू कुठली, मागची कुठली, हे कळायला शिवणीवरून बोट फिरवायचं. एका रविवारी तिने पाहिलं, तो पँट उलटी करून मांडीवर घेऊन बसला होता. मागच्या शिवणीवर त्याचं बोट थांबलं, पुढे सरकलं, पुन्हा थांबलं. केसाएवढ्या स्क्रूचा आटा ओळखणारं बोट ते. उसवलेल्या टाक्यांची भोकं कापडात तशीच होती, एकाशेजारी एक, चार रांगा.

"चारदा?" त्याने विचारलं.

"तुम्हाला वाईट वाटायला नको म्हणून," ती म्हणाली.

त्याने पँटची घडी घातली. "मला वाईट वाटायला हवं होतं गं," तो म्हणाला. "तेवढ्यासाठीच तर तो हुक होता."

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो ओरडला नाही. "टेपवर गाठी मारून दे," म्हणाला. "दर इंचाला दोऱ्याची एक गाठ, छत्तीसला दोन."

"मी सांगत जाईन ना. आता खरं सांगेन."

"गाठी मार."

दुपारी ती मशीनपाशी टेप घेऊन बसली. चाळीसपर्यंत गाठी सरळ मारल्या. पुढे तिचा हात अडला. सगळ्या गाठी एकेक इंच पुढे सरकवल्या, तर आज त्याच्या बोटाला चाळीस लागतील. एका इंचाचा दिलासा. सुई तिने बराच वेळ धरून ठेवली. मग डोळे पुसले आणि एक्केचाळीसवरच गाठ मारली.

त्याने टेप कमरेभोवती घेतली आणि अंगठ्याने एकेक गाठ मोजत गेला. दुहेरी गाठीपासून पुढे, सावकाश.

"एक्केचाळीस," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

"तुला नाही विचारलं," तो म्हणाला, आणि टेप गुंडाळून आपल्या खिशात ठेवली.